भाजावळीची धग

खारेपाटणाचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे तें तेथें सांपडलेल्या ताम्रपटांमुळें. शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा, ताम्रपट बाळशास्त्री जांभेकरांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध केला. बाळशास्त्र्यांचें पोंभुर्लें गांव खारेपाटणाहून फार दूर नाहीं. पुढें काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं अनंतदेवाचा शके १०१६ चा दुसरा पट १८८० सालीं उजेडांत आणला. रट्टराजाच्या पटांत त्याच्या घराण्याची सणफुल्लापासूनची वंशावळ आहे, मत्तमयूर परंपरेंतील शैव आचार्यास दिलेल्या गांवांचीं नांवें आहेत, आणि परदेशांहून येणाऱ्या गलबतांमागें घ्यावयाच्या सोन्याच्या कराचाहि उल्लेख आहे. दानाची तिथि ज्येष्ठी पौर्णिमा. कोंकणांत हे दिवस पेरणीच्या उंबरठ्यावरचे. राजा दानाचें उदक सोडीत होता त्या दिवशीं ह्या मुलखांतील शेतकरी काय करीत होता, ह्याविषयीं पट मुका आहे; आणि दानपत्राकडून तशी अपेक्षा करणेंहि रास्त नव्हे.

आम्हांस आज लिहावयाचें आहे तें ह्या मुक्या बाजूविषयीं, आणि तिच्यांतहि एका अगदीं लहान वाटणाऱ्या गोष्टीविषयीं. भाताच्या रोपांसाठीं जमीन भाजतात, तेव्हां वरची धग मातींत किती खोल जाते? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्यापायीं एके काळीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी आणि सरकारचें जंगलखातें हीं एकमेकांसमोर उभीं ठाकलीं, आणि त्याचें नेमकें उत्तर देणें पदार्थविज्ञानाला दीडशें वर्षें जड गेलें.

शिमगा आटोपला कीं दक्षिण कोंकणांतील कुणबी तरव्याच्या जागेकडे वळे. तरवा म्हणजे भाताचीं रोपें. तीं ज्या लहानशा तुकड्यांत वाढवावयाचीं तो तुकडा आधीं भाजून घ्यावयाचा, हीच भाजावळ. उत्तर कोंकणांत हिलाच राब म्हणतात. ऐन, किंजळ अशा झाडांची कवळ हिंवाळ्यांतच तोडून वाळत घातलेली असे. जमिनीवर प्रथम शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा व गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचें पातळ पांघरूण, अशी ही रचना. आग लावावयाची ती वाऱ्याच्या पुढल्या अंगास, म्हणजे ज्योत वाऱ्याविरुद्ध मागें सरकत जाईल आणि एकदम भडका न उडतां सगळें धुमसत राहील. कवळ डोक्यावरून वाहून आणणें हें बहुतेक घरांतील बायकांचें काम. ह्या पद्धतीच्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या कागदांत ह्या श्रमाची रक्कम क्वचितच दिसते, हें जातां जातां नमूद करून ठेवतों.

जंगलखात्याच्या दृष्टीनें हा सगळा प्रकार म्हणजे झाडांचा संहार होता. १८७८ च्या जंगलच्या कायद्यानंतर राखीव रानांच्या हद्दी आंखल्या जाऊं लागल्या, तसा फांद्या तोडण्याचा जुना वहिवाटीचा हक्क जागोजाग आकसूं लागला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका गवगवा झाला कीं, मुंबई सरकारास १८८५ सालीं चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. खारेपाटण तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत मोडे. तेथें सरकारी रान थोडें आणि खोतीचा पसारा मोठा असल्यामुळें तंट्याचें रूप निराळें होतें. पण कवळ कोणी व किती तोडावी हा प्रश्न तेथेंहि होताच.

ह्या वादांत दोन्ही पक्षांचीं म्हणणीं आज वाचलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. सरकारी बाजूचा मुद्दा असा कीं, राख हें एक खत आहे, आणि खतच द्यावयाचें तर तें दुसऱ्या रीतीनेंहि देतां येईल. त्यासाठीं डोंगर उघडे करण्याचें कारण नाहीं. शेतकऱ्याचें म्हणणें असें कीं, राबावांचून रोप धरत नाहीं. कां धरत नाहीं, हें त्याला सरकारी भाषेंत सांगतां येत नव्हतें. आणि जें सांगतां येत नाहीं तें अडाणीपणाच्या सदरांत टाकण्याची खात्यांना संवय असते. वास्तविक वादाचा सगळा भार एका मुद्द्यावर होता. भाजावळीचें फळ राखेंत आहे कीं धगींत? राखेंत असेल तर सरकारचें बरोबर. धगींत असेल तर शेणखताच्या गाड्या ओतूनहि तो परिणाम साधणार नाहीं. १८८९ नंतर हिंदुस्थानांत येऊन गेलेले शेतकी रसायनज्ञ व्होल्कर यांनीं आपल्या १८९३ च्या अहवालांत राबाची चर्चा केली, त्यावरून ह्या प्रश्नाचें महत्त्व पटूं लागलें होतें असें दिसतें.

खरा उलगडा होऊं लागला तो आणखी पंधरावीस वर्षांनीं, आणि तोहि दुरून. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं १९०९ सालीं दाखविलें कीं, माती तापविली म्हणजे तिच्यांतील जीवसृष्टीची उलथापालथ होते, आणि थोड्याच दिवसांत तिच्यांत रोपांना घेतां येईल असें नत्र पूर्वीपेक्षां अधिक दिसूं लागतें. त्यांनीं दिलेली उपपत्ति पुढें जशीच्या तशी टिकली नाहीं. पण निरीक्षण टिकलें. लागलीच पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं एन्. व्ही. जोशी व एन्. व्ही. कानिटकर यांच्या साह्यानें राबाचा प्रश्न हातीं घेतला, आणि १९१२ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील राबपद्धतीवर तिघांच्या नांवानें एक प्रबंध सरकारी शेतकी खात्याच्या रसायनविषयक मालेंत प्रसिद्ध झाला. कानिटकर म्हणजे पुढें सोलापूरच्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनामुळें प्रसिद्धीस आलेले तेच. कुणब्याच्या चालीरीतीला प्रयोगशाळेची पायरी चढावयास मिळाली ती अशी, कमिशनच्या अहवालानंतर पंचवीस वर्षांनीं. तो मान आधीं मिळाला असता तर पुष्कळ कज्जे टळले असते असें आम्हांस वाटतें.

आतां धगीचा प्रश्न. उष्णता पदार्थांतून कशी वाहते ह्याचें गणित जोसेफ फूरिये ह्या फ्रेंच गणितज्ञानें १८०७ सालीं मांडलें व १८२२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्यांतून निघणारा एक नियम शेतकऱ्याच्या फार कामाचा आहे. उष्णतेला दुप्पट खोल जावयास चौपट वेळ लागतो. एक उदाहरण घेऊं. मातीचा पृष्ठभाग आगीमुळें ३०० अंशांवर राहिला आहे, मुळांत माती ३५ अंशांवर होती, आणि कोरड्या मातीला साजेसा उष्णताप्रसाराचा गुणांक, दर सेकंदास ०.००२ चौरस सेंटिमीटर, आपण धरला. अर्ध्या तासानंतर ५ सेंटिमीटर खोलीवर सुमारें ५१ अंश भरतात. आग दोन तास टिकली तर त्याच खोलीवर सुमारें १२८ अंश होतात, आणि ते ५१ अंश आतां १० सेंटिमीटरांवर जाऊन पोंचतात. भाताच्या कोवळ्या मुळ्यांचा आणि तणाच्या बहुतेक बियांचा वास ह्याच चार बोटांच्या थरांत असतो. तेव्हां कवळीचे किती भारे जाळले ह्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न ते किती तास धुमसले हा होय. वरचें मातीचें पांघरूण आणि वाऱ्याविरुद्ध लावलेली आग ह्या दोन युक्ति नेमक्या वेळ वाढविणाऱ्या आहेत. कमिशनपुढें भाऱ्यांचे हिशेब झाले. तासांचा हिशेब कोणीं मागितला असता तर कदाचित् थोड्या कवळींत काम भागविण्याची वाट दोन्ही पक्षांना सांपडली असती.

परंतु वरच्या हिशेबांत आम्हीं एक आंकडा फुकट घेतला आहे. मातीचा उष्णताप्रसाराचा गुणांक ०.००२ आहे हें ठरलें कशावरून? माती ही एकजिनसी वस्तु नव्हे. खारेपाटणाच्या वरच्या उतारावरील तांबड्या मातींत जांभ्याचे हरभऱ्याएवढे खडे असतात, त्यांच्या मधून रेव, रेवेमधून पोयटा, आणि पोयट्याच्या कणांभोंवतीं डोळ्यांना न दिसणारी चिकणमाती. उरलेल्या फटींत हवा, किंवा पाऊस पडल्यावर पाणी. असल्या लहानमोठ्या कणांच्या ढिगांतून उष्णता किती वाहील, हें त्याच्या घटकांवरून आधींच सांगतां येईल काय? इतिहासांतील खरा पेंच येथें आहे.

पेंच किती अवघड हें समजण्यास पुन्हां ताम्रपटाकडे वळूं. शांत हवेची उष्णतावाहकता एक धरली तर पाण्याची सुमारें चोवीस, गारगोटीच्या दगडाची सुमारें तीनशें आणि तांब्याची सुमारें सोळा हजार येते. रट्टराजाचा पट एका टोंकास तापवा, दुसरें टोंक हां हां म्हणतां हातांत धरवणार नाहीं. आतां तसल्याच तांब्याचा कीस करून तो भांड्यांत भरा. वजन तेंच, धातु तीच. पण त्या ढिगाची वाहकता शंभराच्याहि आंत येते. तांबें कोठें गेलें नाहीं. कणाला कण टेंकतो तो एका बिंदूशीं, आणि उष्णतेला त्या बिंदूंतून किंवा त्याच्या भोंवतालच्या अरुंद हवेंतून वाट काढावी लागते. ढिगाऱ्याचा स्वभाव ठरतो तो असा, कणांच्या पोटांत नव्हे तर त्यांच्या वेशीवर.

घरांतल्या दोन गोष्टी ह्याच्या साक्षी आहेत. रात्रीं निखारा राखेखालीं झांकून ठेवीत, तो सकाळपर्यंत जिवंत राही. उलट भडभुंजा तापलेल्या वाळूंत चणे टाकतो ते क्षणांत फुटतात. राख आणि वाळू दोन्ही कणांचेच ढीग. परंतु राख अति बारीक व पोकळ. तिच्यांत घन भाग थोडा, आणि फटी इतक्या सूक्ष्म कीं त्यांतील हवाहि पुरती मोकळी वाहूं शकत नाहीं. (हवा विरळ झाली किंवा फटी फार लहान झाल्या म्हणजे वायूची वाहकता कां घटते, ह्याचा विचार पोलंडच्या स्मोलुचोव्स्की यांनीं १८९८ पासून पुढें केला.) वाळू जड, ती चण्यांच्या मधल्या सर्व जागा भरून काढते आणि प्रत्येक चण्याला शेंकडों ठिकाणीं शिवते, शिवाय भडभुंजाचा झारा तिला स्वस्थ बसूं देत नाहीं.

मिश्रणाच्या वाहकतेचें पहिलें सूत्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८७३ सालीं विजेच्या संदर्भांत दिलें. तें उष्णतेलाहि लागू पडतें. गोल कण एका माध्यमांत विरळ विखुरले आहेत, इतके विरळ कीं एकाचा दुसऱ्यास उपद्रव नाहीं, असें त्यांनीं गृहीत धरलें. लॉर्ड रॅले यांनीं १८९२ सालीं कण ओळीनें मांडून पाहिले. परंतु मातीचे कण विरळहि नसतात आणि ओळीनेंहि बसत नाहींत. पुण्याचा राबावरील प्रबंध निघाला त्याच १९१२ सालीं जर्मनींत लायप्झिग येथें ओटो वीनर यांनीं एक निराळाच मार्ग घेतला. नेमकें उत्तर सांगतां येत नसेल तर निदान तें कोणत्या दोन सीमांच्या मध्यें आहे तें सांगावें! शंभरांत साठ भाग गारगोटी व चाळीस भाग हवा घेतली, आणि दगडाचे सगळे थर उष्णतेच्या वाटेला आडवे टाकले, तर वाहकता अडीच येते; तेच थर वाटेच्या दिशेनें उभे केले तर एकशें ऐशी. दोन्ही वेळां मालमसाला तोच. दोन सीमांमध्यें सुमारें सत्तर पटींचें अंतर! प्रत्यक्ष कोरड्या वाळूची वाहकता दहा-बाराच्या आसपास मोजली जाते. मॅक्सवेलच्या सूत्रानें ती सुमारें साडेपांच निघते, म्हणजे निम्मीच. कारण कण एकमेकांस टेंकतात हें त्या सूत्राला ठाऊक नाहीं.

मिश्र आकारांचा विचार ह्यानंतर आला, आणि तो आला भट्टीवाल्यांच्या गरजेंतून. अमेरिकेंतील क्लिफर्ड फर्नास यांनीं १९३० च्या सुमारास झोतभट्टींतील खडी, कोळसा व खनिज ह्यांच्या ढिगांचा अभ्यास करून एक सोपी गोष्ट गणितांत बसविली. एखाद्या मापांत सुपाऱ्या भरल्या तर शेंकडा चाळीस भाग मोकळा राहतो असें धरूं. त्या फटींतून बारीक रवा ओतला, तर रव्यांतहि स्वतःच्या चाळीस टक्के फटी असल्यामुळें एकूण मोकळी जागा चाळिसाचे चाळीस टक्के, म्हणजे सोळाच उरते. घन भाग साठावरून चौऱ्याऐशींवर जातो. मॅक्सवेलच्या तोकड्या सूत्रानेंहि एवढ्यानें वाहकता साडेपांचांवरून सोळांवर जाते, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. परंतु हें घडतें तें प्रमाण साधलें तरच. घन भागांत जाड कण शेंकडा एकाहत्तर व बारीक एकोणतीस असतील तेव्हां ढीग सर्वांत घट्ट बसतो. बारीक त्याहून वाढले तर ते सुपाऱ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात आणि फायदा ओसरूं लागतो. यावरून एक गोष्ट उघड होते. कणांचा सरासरी आकार काढून त्यावरून ढिगाची वाहकता सांगूं पाहणारा मनुष्य हमखास फसणार. दोन ढिगांची सरासरी सारखी असूनहि एकांत फटी दुसऱ्याच्या निमपट असूं शकतात.

पाण्याची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेच्या मृत्तिकाखात्यांतील पॅटन यांनीं १९०९ सालीं दाखविलें कीं, ओल वाढत जाते तसतशी मातीची वाहकता वाढतच जाते. पण तापमानाची लाट आंत शिरण्याचा वेग मात्र मध्यम ओलीला सर्वांत अधिक असतो, पुढें तो घटतो, कारण पाण्याला तापवावयासच पुष्कळ उष्णता लागते. पहिलें थेंबभर पाणी कणांच्या सांध्याशीं जाऊन बसतें, म्हणजे जेथें वाट अरुंद होती नेमक्या तेथेंच पूल बांधतें. मग ओलसर जमीनच भाजावी असें कोणी म्हणेल. पण आगीखालीं तें पाणी वाफ होऊन जातें, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयास ५४० कॅलरी खर्च होतात. सगळें पाणी उडेपर्यंत तो थर शंभर अंशांवर अडून बसतो. भाजावळ फाल्गुन-चैत्रांत, जमीन ठणठणीत वाळल्यावर करतात, त्यांत हें बीज आहे.

पुढील इतिहास आम्ही झपाट्यानें सांगतों, कारण त्यांत सूत्रें पुष्कळ आणि गोष्ट थोडी. ब्रुग्गेमान यांनीं १९३५ सालीं दाट मिश्रणांसाठीं मॅक्सवेलचें सूत्र सुधारलें. पुण्यास हवामानखात्याच्या शेतकी शाखेंत एल्. ए. रामदास यांनीं द्रविड यांच्यासह १९३६ सालीं काळ्या जमिनीच्या निरनिराळ्या खोलींवरील तापमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हॉलंडांत द व्रीस यांनीं १९५२ च्या सुमारास खास मातीसाठीं सूत्र बांधलें. जपानचे कुनी व अमेरिकेचे स्मिथ यांनीं १९६० सालीं, आणि जर्मनींत त्सेनर व श्ल्यूंडर यांनीं १९७० सालीं कारखान्यांतील भरलेल्या नळकांड्यांसाठीं सूत्रें दिलीं. कण टेंकतात त्या बिंदूचें सूक्ष्म गणित केंब्रिजच्या बॅचलर व ओब्रायन यांनीं केलें तें १९७७ सालीं, म्हणजे फूरियेच्या ग्रंथानंतर एकशें पंचावन्न वर्षांनीं. ह्या बहुतेक सूत्रांत एखादा तरी आंकडा असा असतो कीं, तो प्रयोगावरून जुळवून घ्यावा लागतो. कणांच्या आकाराचें, त्यांच्या खडबडीतपणाचें, ते ओतले कीं दाबले ह्याचें ओझें त्या एका आंकड्यावर टाकलेलें असतें.

ह्याचें सर्वांत नवें उदाहरण आपल्याच देशाचें आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान ३ चें विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरलें, आणि त्यानें तापमापकांची एक कांठी चंद्राच्या मातींत खुपसली. दिवसां पृष्ठभाग पन्नास अंशांहून अधिक तापलेला, आणि अवघ्या आठ सेंटिमीटरांखालीं तापमान शून्याखालीं दहा अंश! चंद्रावर हवा नाहीं. तेव्हां फटींतून वाहणारा वांटा संपला, आणि कणांच्या टेंकण्याशिवाय उष्णतेला फारसा आधार उरला नाहीं. मातीच्या कणांचे आकार अपोलोच्या यात्रांपासून ठाऊक होते. तरीहि तेथील माती किती उष्णता वाहते हें कळण्यास कांठी खुपसावीच लागली.

खारेपाटणाच्या शेतकऱ्याजवळ तापमापक नव्हता, पण कांठी खुपसण्याचें त्याचें काम दर वर्षीं चाले; त्याचें मोजमाप आषाढांत रोप उपटतांना हातीं येई. भाजलेल्या जागेंतील रोप सहज निघतें, मुळें तुटत नाहींत, तण कमी असतें. धग कमी पोंचली तेथें बेणणीला माणसें जास्त लागत. ह्यावरून पुढच्या साली शेणाचा थर किती, पांघरुणाची माती किती, हें ठरे. जांभ्याच्या खडेरी तुकड्याला आणि नदीकांठच्या मळीला एकच माप लागत नाहीं, हें त्याला फर्नासच्या आधीं उमजलें असेल. मात्र एका वाफ्यावरून दुसऱ्याचें भाकीत करावयाचें तर त्याच्याजवळहि अंदाजापलीकडे साधन नव्हतें, आणि एका गांवचा अंदाज दुसऱ्या गांवीं चालत नसे. कमिशनपुढें साक्ष देणाऱ्यांचीं म्हणणीं एकमेकांशीं जुळत नसतील, तर तें लबाडीचेंच लक्षण मानण्याचें कारण नव्हतें. माती निरनिराळी होती.

आज हा वाद राहिला नाहीं. रासायनिक खतें आलीं, १९७२ सालीं दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ निघालें, आणि गादीवाफ्यावर न भाजतां रोपें तयार करण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली. कवळ तोडावयास माणसें मिळत नाहींत, हें कारणहि थोडें नव्हे. तरी कोंकणांत कांहीं गांवांतून चैत्राच्या संध्याकाळीं उतारावर तो निळसर धूर अजून दिसतो. आणि जेथें भाजतात तेथें वरचें मातीचें पांघरूण अजून हातानेंच, मुठीमुठीनें पसरतात.